आईच्या मांडीचं वरचं हाडच बदलणार म्हणतात, कॅन्सर तर नाही ना?

प्रश्न : डॉक्टर, आई ७६ वर्षांची आहे, खुब्याचा सांधा ११ वर्षांपूर्वी बदललाय. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडली, सांध्याच्या दांड्याभोवतीचं हाड मोडलं, प्लेट लावली पण हाड जुळलंच नाही आणि आता प्लेटपण तुटली. सर्जन म्हणतात वरचं हाड काढून धातूचं बसवू, मेगाप्रोस्थेसिस. शेजारी म्हणतात हे कॅन्सरचं ऑपरेशन. आई चालेल का परत?

उत्तर : ताई, आधी घाबरणं थांबवा, आईला कॅन्सर आहे असा याचा अर्थ नाही. हे इम्प्लांट मूळ हाडाच्या गाठींसाठीच निघालं, १९४० साली अमेरिकेत मूर आणि बोहलमन यांनी असं धातूचं हाड पहिल्यांदा बसवलं तेही गाठीसाठीच, पण आता हाड झिजून कागदासारखं झालंय, जुना दांडा हलतोय, प्लेटचा स्क्रू धरायला जागाच नाही अशा वयस्क पेशंटमध्येही वापरतात. मोठा फायदा हा की हाड जुळायची वाट बघावी लागत नाही, बहुतेकांना एकदोन दिवसांत वॉकर धरून उभं करतात, आणि या वयात महिनोन्‌महिने अंथरुणात पडून राहणं म्हणजे न्यूमोनिया, बेडसोअर, पायात रक्ताची गुठळी, ते मला ऑपरेशनपेक्षा जास्त भीतीचं वाटतं.

आता खरं सांगते. कॅन्सर नसलेल्या साडेतीनशेच्या वर ऑपरेशन्सचा एकत्र आढावा आहे, त्यात शंभरातल्या साधारण १५-१६ जणांचा सांधा निखळला, ७-८ जणांना इन्फेक्शन झालं आणि जवळपास चौथ्या हिश्श्याला परत टेबलावर जावं लागलं. का निखळतो? तर कुशीवर हात ठेवला की जो हाडाचा उंचवटा लागतो ना, कंबर तोलून धरणारे स्नायू तिथेच चिकटलेले असतात, ते हाडच गेलं की स्नायूंना धरायला काही उरत नाही. म्हणून सर्जन तो उंचवटा जमला तर वाचवून धातूला बांधतात. तरी थोडं लंगडणं राहतंच, काठी बहुतेक कायमची, ती ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरायची.

सर्जनना दोन गोष्टी नक्की विचारा. ड्युअल मोबिलिटी कप, म्हणजे दोन जागी फिरणारी सांध्याची वाटी, बसवणार का, त्याने निखळायचा धोका कमी होतो. आणि हाड जुळलं नाही त्यामागे आत इन्फेक्शन तर नव्हतं ना, त्यासाठी ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या केल्या का आणि सांध्यातलं पाणी काढून तपासलं का. इन्फेक्शन आत राहिलं तर नवीन इम्प्लांटलाही तेच लागतं, इथे अजिबात घाई करू देऊ नका.

घरी उंच कमोड, पाटावर बसणं बंद, मांडी घालणं बंद, झोपताना दोन पायांत उशी, आणि खाली पडलेली वस्तू आईने वाकून उचलायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नातवंडांनासुद्धा.