संस्थेची आगोट

प्रिय नव्या सचिवास,
अनेक आशीर्वाद.

संस्थेच्या पुढल्या तीन वर्षांच्या आराखड्याचा तुझा खर्डा वाचला. पाणी, बचत गट, अभ्यासिका, कासव संवर्धन, पर्यटन अशी पाच कामं त्यात आहेत आणि कार्यकारिणी अकरा जणांची. यातलं काय ठेवायचं ते आत्ता ठरवू नकोस. आधी कपाटातून तीन कागद काढ: मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, इतिवृत्ताची वही आणि धर्मादाय कार्यालयाकडच्या परिशिष्ट 1 ची, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीची, ताजी प्रत.

परिशिष्टापासून सुरुवात कर. त्यातल्या नावांपैकी किती जण हयात आहेत आणि किती कामात आहेत ते मोज. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला असेल तर आधी विलंब माफी मागावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण नोंदीवर जुनीच मंडळी असली की बँक केवायसीला अडवते आणि मोठा देणगीदार पहिल्याच छाननीत मागे सरतो. बदल अर्जावर हरकत आली तर ती बहुधा नोटिशीवर येते. म्हणून सभेची नोटीस संस्थेच्या घटनेत लिहिलेले दिवस मोजूनच काढ आणि पोच जपून ठेव.

मग माणसं मोज, पण दिवसांत. प्रत्येकाला एकच विचारायचं: महिन्याला किती दिवस देणार? अकरा जणांचे मिळून बारा दिवस निघाले तर संस्थेकडे बाराच दिवस आहेत. सभेत गाऱ्हाणं घातल्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला सगळी सभा असते. श्रमदानाच्या सकाळी फावडी मोजावीत. बारा दिवसांत फार तर दोन कामं नीट होतात. बाकीची तीन बंद करायची तर तसा ठराव घे. ‘तूर्त स्थगित’ असं लिहिलंस तर दर सभेत कोणीतरी ती उकरून काढेल आणि तासभर त्यातच जाईल.

आता वर्ष मांड. ते एप्रिल ते मार्च असं फक्त हिशेबासाठी. कामाचं वर्ष वाडीवाडीला वेगळं असतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून कोळीवाड्यात माणसं घरी असतात, जाळी विणत बसतात. बैठकीला याहून चांगला काळ नाही. त्याच जुलैत वरच्या वाडीत लावणी चालू असते, तिथे कोणी दारात उभंही करणार नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात, मग गणपती, ऑक्टोबरात भातकापणी, त्यानंतर आंब्याच्या मोहोराची फवारणी, पुढे शिमगा आणि आंबा. एका मोठ्या कागदावर बारा महिने आडवे आणि वाड्या उभ्या लिही. जिथे माणसं मोकळी नाहीत तो चौकोन काळा कर. उरलेल्या पांढऱ्या चौकोनांत काम बसत नसेल तर ते या गावाचं काम नव्हे.

पाण्याचंच घे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलात टँकरची वाट बघावी लागते, कारण कातळावरून पाणी थेट खाडीला जातं. वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, पाऊस थांबल्यावर, पण वहाळ (ओढा) वाहता असतानाच घालायचा. ऑक्टोबरात कापणी असल्याने हात मिळत नाहीत आणि जानेवारीत प्रवाहच उरत नाही. तुझ्या हाती राहते ती साधारण 15 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर एवढीच फट. नोव्हेंबरातली सभा गणपूर्तीअभावी डिसेंबरअखेरीला गेली की वर्ष वाया जातं. म्हणून बंधाऱ्याच्या जागा आणि गटप्रमुख ऑगस्टातच ठरवून टाक. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या बांधकामांवरून मे महिन्यातच गोळा कर आणि पडवीत सावलीला ठेव. उन्हात पडलेली गोणी शिवताना फाटते. रचताना विटांसारखी सांधमोड करायची, म्हणजे वरची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर ठेवायची, आणि फटीत चिकणमाती भरायची.

‘दहा बंधारे बांधले’ हे आराखड्यात उद्दिष्ट म्हणून लिहू नकोस. वाडीची एक विहीर निवड आणि जानेवारीपासून दर महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायला लाव. मोजणारी व्यक्ती एकच असावी, शक्यतो रोज पाणी भरणारी बाई. उद्दिष्ट असं लिही: ‘तिसऱ्या वर्षी या विहिरीचं पाणी 30 एप्रिलपर्यंत पुरावं.’ असं वाक्य सभेत वाचलं की कोण खोटं बोलतंय ते कोणाला विचारावं लागत नाही. पाऊस दरवर्षी सारखा नसतो, म्हणून बंधारा नसलेल्या शेजारच्या वहाळावरची एक विहीरही मोजत राहा.

पैशावर सगळ्यात जास्त वेळ घालव. पावसाच्या तोंडावर घराघरांत मीठ, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा भरतात, तशी संस्थेचीही आगोट भरावी लागते. हिशेब साधा आहे. दोन कार्यकर्त्यांचं मानधन 30,000, भाडं 4,000, प्रवास 6,000, हिशेबनीस आणि लेखापरीक्षण 2,000, म्हणजे महिन्याला 42,000 रुपये धर की काम होवो न होवो जाणारच. सहा महिन्यांची बेगमी 2,52,000 होते, म्हणजे तीन वर्षं दरसाल 84,000. करसवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातला 85 टक्के भाग उद्देशांवर खर्च व्हावा लागतो आणि 15 टक्के राखता येतो. 84,000 सरळ राखायला उत्पन्न 5,60,000 तरी हवं. त्याहून जास्त साठवायचं तर कारण आणि मुदत लिहून वेगळा अर्ज करावा लागतो, तो सनदी लेखापालाला आधीच विचारून ठेव.

ही आगोट प्रकल्पाच्या पैशातून भरत नाही. ती वर्गणीतून आणि चाकरमान्यांच्या बिनशर्त देणग्यांतून भरते, म्हणून अशा देणग्यांचं खातं वेगळं ठेव. संस्था अडकतात त्या इथेच. एका प्रकल्पाचा हप्ता लांबतो, पगार थकतो, दुसऱ्या प्रकल्पाच्या खात्यातून ‘पंधरा दिवसांपुरते’ पैसे उचलले जातात. मग दुसऱ्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, देता येत नाही, त्याचाही हप्ता थांबतो. यात कोणी चोरी केलेली नसते, तरी नाव जातं.

आपत्तीचं पान पहिल्याच आराखड्यात हवं. 3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ आणि 22 जुलै 2021 चा चिपळूणचा महापूर, एक पावसाच्या तोंडावर आणि दुसरा ऐन पावसात. अशा वेळी सगळी संस्था धान्यवाटपाला लागते आणि नेहमीचं काम वर्षभर मागे पडतं. म्हणून आधीच ठरवून ठेव: आपण किती गावांत जाणार, किती दिवस, आणि मदतनिधी कुठल्या वेगळ्या शीर्षाखाली. सभा न बोलावता अध्यक्ष आणि खजिनदार मिळून 25,000 पर्यंत खर्च करू शकतील, तो पंधरा दिवसांत कार्यकारिणीपुढे येईल, असा ठराव मे महिन्यातच घे. नोंदणीच्या मूळ कागदांचा एक संच खाडीपासून लांब, वरच्या मजल्यावर ठेव.

मुंबईकर सभासद गणपतीला येतात म्हणून आराखडा तेव्हा मंजूर करून घ्यायचा मोह होईल. तेव्हा घरात आरत्या, पाहुणे, परतीच्या गाडीची चिंता. माना डोलतात आणि दिवाळीत फोनवर सगळं उलटतं. त्यापेक्षा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अर्धा दिवस माग आणि कागद आठ दिवस आधी पाठव. मुंबईकरांना देणगी उभारणी आणि मंत्रालयातल्या खेपा दे, गावातल्या कामाचा क्रम मात्र गावातल्यांनाच ठरवू दे. हे इतिवृत्तात स्पष्ट लिही, नाहीतर दोन मंडळं आणि एक पासबुक अशी गत होते.

राहता राहिलास तू स्वतः. बँकेत, धर्मादाय कार्यालयात, पंचायत समितीत एकट्याने जाऊ नकोस. सहसचिवाला दर वेळी बरोबर ने. बँकेत तिघांपैकी दोघांची सही असू दे. नंतर ऑगस्टात पंधरा दिवस मुद्दाम बाहेर राहा, फोन उचलू नकोस, आणि परत आल्यावर काय काय अडलं होतं त्याची यादी कर. ती यादी पुढच्या सभेत नावानिशी वाटून टाक.

तुझा,
किनाऱ्यावरचा एक जुना चिटणीस

ता. क. हिशेबाच्या वह्या लेखापरीक्षकाकडे जुलैतच पोचव. अहवालाची मुदत 30 सप्टेंबर, आणि गणपतीच्या आसपास कोणी फोन उचलत नाही.