दहावीनंतर गणित सुटलं. आता अकरावी-बारावीचं गणित क्लास न लावता, इंटरनेटवरच्या मोफत साहित्यावर शिकता येईल का?

हो, येईल. मी कला शाखेची पदवी घेतल्यावर नोकरी सांभाळून असंच शिकले. तुम्ही लिहिलंय की कॉमर्सला गणित घेतलं नव्हतं, आता डेटा सायन्सकडे वळायचंय, आणि व्हिडिओ बघताना सगळं कळतं पण उदाहरण सोडवायला बसलं की हात थांबतो. अजून चांगला व्हिडिओ शोधून हे सुटणार नाही. आधी एक पाठ्यपुस्तक धरा आणि व्हिडिओ अडलं तरच उघडा.

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, एनसीईआरटीची (सीबीएसईच्या शाळांत चालणारी केंद्रीय पुस्तकं) त्यांच्या संकेतस्थळावर. मी बालभारतीचं विज्ञान शाखेचं गणिताचं पुस्तक घ्या म्हणेन, दोन्ही भाग. एनसीईआरटीने धडे कमी केले तेव्हा अकरावीतून मॅथेमॅटिकल इंडक्शन (एखादं विधान सगळ्या नैसर्गिक संख्यांसाठी सिद्ध करायची पद्धत) गेलं. बालभारतीत ते आहे, आणि सिद्धता लिहायची सवय लागायला त्याच्यासारखा धडा नाही. एनसीईआरटीचं ‘एक्झेम्प्लर’ हे जादा गणितांचं पुस्तक मात्र जरूर उतरवून ठेवा, त्यातली गणितं जरा कस पाहणारी आहेत.

अकरावीच्या पहिल्या भागाची सुरुवात कोन आणि त्याच्या मापनाने होते. अंश चांगले असताना रेडियन हे कोन मोजायचं दुसरं एकक कशाला, असं वाटून बरेच जण हा धडा उडवतात. तो उडवू नका. पुढे लिमिटमध्ये, म्हणजे एक्स एखाद्या संख्येजवळ जाताना किंमत कुठे जाते ते बघताना, तो लागतो. sin च्या जागी ‘साइन’ लिहून सांगते: एक्स शून्याकडे जाताना ‘साइन एक्स भागिले एक्स’ची किंमत 1 कडे जाते. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून एक्स 0.01 घ्या, उत्तर 0.99998 येईल. तोच कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून तेच करा, 0.01745 येईल. हा आकडा म्हणजे पाय (π) भागिले 180. साइनचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) नुसतं कोसाइन येतं ते रेडियनमुळेच. अंशांत मोजलं तर प्रत्येक वेळी पाय भागिले 180 सोबत ओढत न्यावं लागलं असतं. डेसमॉस किंवा जिओजेब्रा, आलेख काढायची ही दोन्ही साधनं फुकट आहेत, त्यात साइनचा आलेख काढून शून्यापाशी मोठा करून बघा. तो वाय बरोबर एक्स या रेषेला जवळजवळ चिकटलेला दिसेल. मला कॅलक्युलस (लिमिट, डेरिव्हेटिव्ह वगैरेंचं गणित) तिथे पहिल्यांदा आपलं वाटलं.

क्रम महत्त्वाचा. त्रिकोणमिती, मग सरळ रेषा, मग दुसऱ्या भागातलं फंक्शन्स, आणि त्यानंतरच लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह. शंकुछेद मागे ठेवले तरी चालतील. तुमच्या कामासाठी मॅट्रिक्स, व्हेक्टर आणि प्रोबॅबिलिटी मात्र नीट करा. आणि डेरिव्हेटिव्ह जमत नाही असं वाटलं तर आधी घातांक, लॉगॅरिदम आणि अवयव पाडणं तपासा. निम्म्याहून जास्त वेळा गाडी तिथेच अडलेली असते. खान अकॅडमीवर या विषयांचा सराव एकेका पायरीने करता येतो.

कल्पना डोळ्यांपुढे यावी म्हणून ग्रँट सँडरसन यांच्या ‘थ्री ब्ल्यू वन ब्राउन’ या यूट्यूब चॅनलवरची कॅलक्युलसची मालिका सुंदर आहे, पण ती धडा सोडवून झाल्यावर बघा. आधी बघितली तर सगळं येतंय असा भास होतो. इंटिग्रेशनचा (डेरिव्हेटिव्हच्या उलट क्रियेचा) सराव कमी पडला तर लमार विद्यापीठाचे पॉल डॉकिन्स यांच्या ऑनलाइन नोट्स बघा. तिथे सरावाची गणितं संपूर्ण उत्तरांसकट आहेत.

शिक्षक नसताना उत्तर बरोबर की चूक हे कोण सांगणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. इंटिग्रेशनमध्ये सोय आहे: आलेल्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्या, मूळ फंक्शन परत आलं पाहिजे. समीकरणात किंमत परत घालून बघा. लिमिट असेल तर जवळची संख्या कॅल्क्युलेटरवर टाका. पुस्तकामागची उत्तरं त्यानंतर उघडा. आणि पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरणही उत्तर झाकून वहीत स्वतः करा, नुसतं वाचू नका.

नोकरी करून हे करणार असाल तर वर्षभराचा अवधी धरा. पुढे कुठे प्रवेशासाठी बारावीच्या गणिताचे गुण मागितले तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, फक्त गणित विषय घेऊनही परीक्षा देता येते. त्यांचं अभ्याससाहित्यही संकेतस्थळावर मोफत आहे.