सगळ्यात स्ट्राँग बेल्जियन बिअरच सगळ्यात चांगली का वाटते? चाखून गुण द्यायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आइंडहोवनला चौघा मित्रांनी मिळून बेल्जियमच्या द्युपाँ ब्रुअरीच्या पाच बिअर एका संध्याकाळी छोट्या ग्लासांत चाखल्या आणि पाचपैकी गुण दिले. 9.5 टक्क्यांची 'आव्हेक ले बाँ व्हो' पहिली आली आणि जगभर नाव असलेली 'सेझाँ द्युपाँ' चौथी. आम्हाला चव कळत नाही की गुण द्यायची पद्धत चुकली, असं तुम्ही विचारलंय.

चव कळते. पद्धत चुकली. दोन घोटांवर गुण द्यायला बसलं की गोडवा आणि अल्कोहोल यांचीच सरशी होते. अल्कोहोल जास्त म्हणजे बिअर तोंडात भरीव लागते, वास जोरकस येतो, घशाला ऊब लागते, वर थोडी गोडसर जाणीवही होते. हे सगळं पहिल्याच घोटाला समोर येतं. ड्राय, म्हणजे गोडवा न उरलेल्या, कोरड्या आणि कडवट बिअरचा पहिला घोट उलट जरा कडकच वाटतो. तिचा गुण अर्धा ग्लास रिकामा झाल्यावर, जेवणाच्या दोन घासांच्या मध्ये कळू लागतो. तोंड स्वच्छ होतं आणि पुढचा घोट हवासा वाटतो. जगभरच्या बिअरप्रेमींच्या गुणांच्या याद्या पाहिल्यात तर वरच्या जागा बहुतेक स्टाउट या दणकट काळ्या बिअरनी आणि दहा टक्क्यांच्या आसपासच्या गडद, गोडसर बिअरनी व्यापलेल्या दिसतील. त्यातल्या पुष्कळ उत्तम आहेत. पण घोटभर चाखून दिलेल्या गुणांचा कल कुठे झुकतो, तेही त्या याद्यांतून दिसतं.

मी गेंटला राहतो. द्युपाँच्या बाटल्या घरात नेहमी असतात आणि या ब्रुअरीवर माझा जीव आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

तुर्प हे एनो प्रांतातलं, ल्यूझजवळचं छोटं गाव. तिथल्या एका शेतावर 1844 पासून बिअर बनते. 1920 मध्ये आल्फ्रेद द्युपाँ यांनी ते शेत आणि ब्रुअरी विकत घेतली. त्यांचा मुलगा लुई शेती करायला कॅनडाला निघाला होता आणि त्याने गाव सोडू नये अशी वडिलांची इच्छा होती. लुई राहिला. पुढे कारभार त्याच्या भाच्याकडे, म्हणजे रोझिए कुटुंबाकडे गेला आणि आता चौथ्या पिढीतले ऑलिव्हिए देदेकर तो पाहतात. चाखणाऱ्याला या घराण्याच्या गोष्टीचा उपयोग असा की तुम्ही चाखलेल्या पाचही बिअर घरच्या यीस्टवर, घरच्याच पद्धतीने आंबवलेल्या आहेत. भावंडांमध्ये नाक सारखं दिसावं तसा एक वास पाचांतही सापडतो. गुण देण्याआधी तो शोधा. तो सापडला की प्रत्येकीत वेगळं काय आहे ते आपोआप उमगतं.

तो वास म्हणजे मिरी, लिंबाची साल, थोडं कच्चं सफरचंद आणि मागे वाळल्या गवताची छटा. द्युपाँच्या सेझाँमध्ये (सेझाँ हा बेल्जियन शेतांवरच्या कोरड्या बिअरचा प्रकार) मसाला घातलेला नसतो, हे मुद्दाम सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या ब्रुपबमध्ये धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन विट, म्हणजे गव्हाची बिअर, पिऊन आपल्याला बेल्जियन म्हणजे मसाल्याची अशी सवय झालेली असते. इथली मिरी यीस्टमधून येते. लागर प्रकारच्या बिअर 10 अंशांच्या आसपास आंबवतात, एल प्रकारच्या बहुतेक 20 अंशांच्या आसपास. द्युपाँमध्ये आंबवण 30 अंशांच्याही वर जाऊ देतात. एवढ्या उष्णतेत बहुतेक यीस्ट बेचव किंवा उग्र बिअर देतील. हे यीस्ट तिथेच खुलतं आणि जवळजवळ सगळी साखर खाऊन टाकतं. म्हणून बिअर इतकी ड्राय होते. तांब्याच्या भांड्याला खालून थेट आच देतात, त्यामुळे फिकट माल्टलाही (मोड आणून वाळवलेल्या धान्यालाही) किंचित खरपूसपणा येतो. बाटलीत भरल्यावर पुन्हा आंबवण होते आणि त्यासाठी बाटल्या उबदार खोलीत कित्येक आठवडे आडव्या ठेवतात. जिभेवर टोचणारे बारीक बुडबुडे आणि ग्लासच्या वर उभा राहणारा फेस तिथून येतो.

आता बाटल्यांकडे. गुण देताना मी 50 चं मोजमाप वापरतो. बिअर स्पर्धांचे परीक्षक तयार करणाऱ्या बीजेसीपी या संस्थेने ते असं वाटलंय: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला स्पर्श 5 आणि एकूण ठसा 10. पाचपैकी साडेतीन की चार या घोळापेक्षा हे कितीतरी बरं, कारण आपल्याला नेमकं काय आवडलं ते कागदावर दिसतं. शेवटचे 10 गुण मी ग्लास पूर्ण संपल्याशिवाय देत नाही. तुमच्या पद्धतीत एकच बदल करायचा असेल तर हा करा.

बियोलेझेर, 3.5 टक्के. ही सेंद्रिय आहे आणि पाचांत सगळ्यात हलकी. तुमच्याकडे शेवटची आली यात नवल नाही. तुम्ही ती कितव्या क्रमांकाला चाखली ते लिहिलं नाहीत, पण 9.5 नंतर ओतली असेल तर ती पाण्यासारखीच लागणार. आधी प्या. एवढ्या कमी अल्कोहोलमध्ये घरचा वास टिकवणं अवघड काम आहे आणि ते इथे जमलंय. माझे 37.

सेझाँ द्युपाँ, 6.5 टक्के. माझे 47, आणि मी एवढे गुण फार कमी बिअरना देतो. रंग धूसर सोनेरी, वर पांढराशुभ्र फेस, आणि तो खाली बसताना ग्लासला जाळी सोडत जातो. वासात लिंबू आणि मिरी. चवीत माल्टचा पोळीसारखा मऊपणा क्षणभरच भेटतो, मग कडवटपणा येतो आणि शेवट खडखडीत कोरडा. तुमच्या चौघांना हा शेवट खटकला असणार. पण याच शेवटामुळे ही जेवणासोबतची जगातली फार मोठी बिअर आहे. इथे शिंपले, बकरीच्या दुधाचं चीज, भाजलेलं कोंबडं यांच्यासोबत ती पितात. घरी आम्ही बटाटेवडे तळले की हीच उघडतो. तेल आणि बेसन जिभेवर बसत नाही, लसणाची चव पुढे येते.

1980च्या दशकात हिची मागणी बरीच कमी झाली होती. त्या भागात द्युपाँचीच म्वानेत जास्त खपायची. मग अमेरिकेतल्या आयातदारांनी सेझाँ मागायला सुरुवात केली, तिथल्या छोट्या ब्रुअर्सनी तिच्यावरून शिकून आपल्या सेझाँ बनवल्या, आणि आज या प्रकाराचं मोजमाप म्हणजे हीच बाटली. तिला चौथा क्रमांक देणारे तुम्ही पहिले नाही.

एक गोष्ट मात्र तपासा. तुमची सेझाँ हिरव्या बाटलीतली होती का, आणि दुकानात ती ट्यूबलाइटखाली उभी होती का? हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या) कडू घटकांवर उजेड पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि त्याचा वास फार थोड्या प्रमाणातही नाकात भरतो, जळक्या रबराच्या जवळ जाणारा, कुबट. तपकिरी काच उजेड बराच अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. तसा वास आला असेल तर ते गुण खोडून टाका आणि खोक्यातली किंवा तपकिरी बाटली आणा.

म्वानेत ब्लाँड, 8.5 टक्के. 1955 पासून आहे. सेझाँचीच थोरली बहीण, अंगाने भरलेली. मध आणि पिकल्या नाशपातीकडे जाते, पण शेवटी घरचा कोरडेपणा परत येतो. सुरुवात करणाऱ्याला द्युपाँची ओळख करून द्यायची तर मी हीच देईन. 43.

म्वानेत ब्रून, तीही 8.5. गडद माल्टचा कॅरमल इथे यीस्टवर झाकण घालतो, असं माझं मत. चवीला वाईट काहीच नाही, पण अशी गडद बिअर बेल्जियममध्ये इतर ठिकाणीही चांगली मिळते. 36.

आणि तुमची विजेती. 'आव्हेक ले बाँ व्हो' ही 1970 मध्ये ब्रुअरीने गिऱ्हाइकांना नववर्षाची भेट म्हणून काढली, ती लोकांना एवढी आवडली की विक्रीत आली. 9.5 टक्के असूनही ती चिकट नाही, हेच तिचं मोठेपण. वासात मिरीसोबत संत्र्याची साल आणि किंचित द्राक्षं, चवीत गोडवा येतो आणि वेळेवर निघून जातो. माझे 45. म्हणजे तुमचा पहिला नंबर मला मान्य नसला तरी तुमची आवड चांगली आहे. फक्त ती का आवडली हे विचारा. अल्कोहोलच्या उबेमुळे आवडली असेल तर वास आणि स्पर्शाला भरघोस गुण पडतील आणि एकूण ठशाला कमी, कारण दुसरा ग्लास नको वाटेल. एवढी ताकद असून ती कोरडी संपते म्हणून आवडली असेल, तर तुम्ही सेझाँच्या फार जवळ आहात.

पुढच्या वेळी पाच एकदम घेऊ नका. एका संध्याकाळी दोन पुरे: सेझाँ आणि बाँ व्हो, याच क्रमाने. बाटल्या आदल्या दिवशी फ्रिजमध्ये उभ्या ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि प्यायच्या थोडं आधी बाहेर काढा. फ्रिजच्या गारठ्यात वास मिटून जातो. सेझाँ मी 8 ते 10 अंशांवर पितो, बाँ व्हो 12 च्या आसपास. मोठ्या बाटलीचं बूच सांभाळून काढा, दाब भरपूर असतो. ग्लास ट्युलिपच्या आकाराचा असला तर उत्तम, नसला तर वाइनचा चालेल. ग्लासला भांडी घासायच्या साबणाचा अंश राहिला की फेस मरतो, म्हणून तो साध्या पाण्याने नीट विसळून घ्या. ग्लास तिरका धरून हळू ओता आणि तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या. नंतर हवा तर वेगळा चाखा.

चाखताना मध्ये पाणी आणि साधा पाव, एवढंच. शेव-चिवडा, लोणचं, तिखट काहीही आधी नको. पहिला अर्धा ग्लास नुसता प्या आणि वास, रूप, चव, स्पर्श यांचे गुण लिहून ठेवा. एकमेकांना दाखवू नका, चौघांतला एक जण मोठ्याने बोलला की बाकीचे त्याच्याच आकड्याजवळ येतात. टक्केवारीचा प्रभाव टाळायचा तर एकाने स्वयंपाकघरात ओतून ग्लास आणावेत आणि नाव गुण झाल्यावरच सांगावं. उरलेला अर्धा ग्लास जेवणासोबत. मग शेवटचे 10 गुण द्या.

घरी अजून बाटल्या शिल्लक असल्या तर सेझाँ आणि बियोलेझेर लवकर पिऊन टाका, त्यांचा ताजेपणाच महत्त्वाचा. बाँ व्होची एक बाटली अंधाऱ्या, थंड जागी पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवायला हरकत नाही. हॉप्स मागे सरतात, माल्ट आणि मधाची बाजू पुढे येते. तेव्हा तिला पुन्हा 50 पैकी गुण द्या आणि ताजी बाटली शेजारी ठेवून आकडे इथे लिहा, मला वाचायला आवडतील.