वाचक विचारतात : पारलिंगी पात्र कोणी उभे करावे?

सिनेमातल्या पारलिंगी पात्रांविषयी आलेल्या पत्रांतली पाच या अंकासाठी निवडली आहेत. उत्तरांआधी शब्दांचा घोळ निस्तरू. जन्मावेळी मुलगा अशी नोंद झाली, पण जी स्त्री आहे ती ट्रान्स स्त्री. मुलगी अशी नोंद झाली, पण जो पुरुष आहे तो ट्रान्स पुरुष. पारलिंगी म्हटले की दोघेही आले. हिजडा किंवा किन्नर हा गुरू-चेल्याच्या नात्यावर चालणारा समाज. प्रत्येक ट्रान्स स्त्री त्यात असतेच असे नाही. पटकथेतच या सगळ्यांना एका पिशवीत कोंबले, की पुढची पात्रनिवड हटकून चुकते.

नटाचे कामच मुळी दुसरा होणे. खुनी रंगवायला खून करावा लागत नाही. मग पारलिंगी भूमिकेलाच वेगळा नियम कशाला? (एक नाट्यप्रेमी, फोंडा)

नियम कुठेच नाही. कोणता नट कोणती भूमिका करू शकत नाही, असे कायदा सांगत नाही. तुमचा मुद्दा खराही आहे, फक्त अर्धा आहे. दुसरा होण्याची ही मुभा पारलिंगी नटाला मिळते का? त्याला वकील, डॉक्टर, नायकाची वहिनी अशी कामे कोणी देत नाही आणि पारलिंगी पात्र आले की तेही नावाजलेल्या नटाकडे जाते. दोन्ही दारे बंद, अशी तक्रार आहे ती. खुन्याच्या भूमिकेसाठी खरे खुनी दाराशी ताटकळत नसतात.

दुसरी गोष्ट प्रेक्षकाच्या डोक्यात घडते. १९९१ च्या ‘सडक’मध्ये सदाशिव अमरापूरकरांनी कुंटणखाना चालवणारी पारलिंगी महाराणी रंगवली आणि खलनायकाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळवले. काम जबरदस्तच होते. पण पडद्यावर साडीतली महाराणी आणि पारितोषिक घ्यायला येणारा पुरुष, ही जोडी एकदा डोक्यात बसली की ‘आत पुरुषच असतो, वरून सोंग’ हा समज पक्का होतो. रस्त्यावरच्या ट्रान्स स्त्रीला जे ऐकावे लागते, त्यातले बरेचसे याच समजातून येते.

मात्र साडी नेसलेले प्रत्येक पुरुष पात्र पारलिंगी नसते, हे टीका करणारेही विसरतात. ‘जोगवा’तला तायप्पा देवीला सोडलेला जोगता आहे. साडी त्याच्यावर लादलेली आहे आणि तो स्वतःला पुरुषच मानतो. उपेंद्र लिमये यांची निवड तिथे चपखल होती, त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ‘नटरंग’मधला गुणा नाच्या होतो, ती कलेपायी मोजलेली किंमत आहे. त्याचे दिग्दर्शक रवी जाधव यांनी पुढे ‘बालगंधर्व’ केला आणि २०२३ मध्ये ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावर ‘ताली’ ही मालिका केली. पहिल्या दोन कलाकृतींत पुरुष कलेसाठी स्त्रीचे किंवा बायकी सोंग घेतो, तिसरीत स्त्रीच स्त्री म्हणून जगू पाहते. ‘ताली’त सुश्मिता सेन आहेत. पारलिंगी नटी घेता आली असती, पण निदान स्त्रीची भूमिका स्त्रीने केली. आमच्या मते ट्रान्स स्त्रीचे काम पुरुषाला देण्यापेक्षा हे एक पायरी तरी वर आहे.

नट स्वतःही बदलत आहेत. ‘द डॅनिश गर्ल’मध्ये (२०१५) ट्रान्स स्त्री रंगवणारे एडी रेडमेन यांनी २०२१ मध्ये ती भूमिका घेणे ही चूक होती, आज घेतली नसती, असे सांगितले. स्कार्लेट जोहानसन २०१८ मध्ये ट्रान्स पुरुषाच्या भूमिकेतून बाहेर पडल्या. तो चित्रपट मात्र ठरल्याप्रमाणे झालाच नाही, हेही लक्षात घ्या. बड्या नावाने माघार घेतली की काम आपोआप पारलिंगी नटाकडे जाते, असे नाही. बड्या नावावर पैसा उभा राहतो हे खरेच आहे. गोव्यात वर्गणी काढून लघुपट करणाऱ्यांना ही सबब लागू नाही, कारण त्यांच्याकडे मुळात बडे नाव नसतेच.

आमचा २० मिनिटांचा लघुपट आहे, नायिका ट्रान्स स्त्री. चित्रीकरण चार दिवस. गटात पारलिंगी कोणी नाही. शोधायचे कसे आणि नाहीच मिळाले तर? (युवा गट, म्हापसा)

चित्रीकरणाच्या आधी निदान आठ आठवडे हातात ठेवा. पंधरा दिवसांवर आल्यावर शोधाल तर ‘मिळालेच नाही’ हे उत्तर ठरलेलेच.

पहिले दोन आठवडे पटकथेला द्या. ती किमान दोन पारलिंगी व्यक्तींना वाचायला द्या, मानधन देऊन. चहा पाजून सल्ला घ्यायची आपल्याकडे फार सवय आहे. वाचन आधी का? पात्र एकदा निवडल्यावर चूक दाखवणे त्या नटाला जड जाते. काम जाईल या भीतीने तो गप्प बसतो. हमखास सापडणाऱ्या चुका तीन : शस्त्रक्रियेभोवती फिरणारी अख्खी गोष्ट, शेवटी ‘उघड होण्याचा’ धक्का आणि नायिकेचा मृत्यू. तिसरी वाटते त्याहून जास्त वेळा सापडते.

मग जाहिरात. ‘तृतीयपंथी पाहिजे’ असे लिहू नका. वय, भाषा, चित्रीकरणाचे दिवस, मानधनाचा आकडा, राहण्या-जेवणाची सोय आणि ‘ट्रान्स स्त्रियांना प्राधान्य, अनुभवाची अट नाही’ एवढे पुरे. आकडा छापाच. तो नसला की फुकटात काम करून घेणार, असा अर्थ लागतो आणि तो बहुतेकदा बरोबर असतो.

गोवा लहान आहे, खरी अडचण तिथे येते. गावच्या गटावर फिरणाऱ्या जाहिरातीखाली उत्तर लिहिणे म्हणजे अख्ख्या वाड्याला सांगणे, आणि घरी अजून न सांगितलेली व्यक्ती ते करणार नाही. म्हणून उत्तर एकाच माणसाच्या फोनवर खासगीत मागवा आणि पहिली चाचणी दोन मिनिटांच्या व्हिडिओवर घ्या. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव इथेही शोधा. प्रवास आणि पाच रात्रींची राहण्याची सोय हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. नंतर घुसवला तर पहिली कात्री त्यालाच लागते.

चाचणीत इतरांना जो उतारा, तोच त्यांनाही. जुने नाव, शस्त्रक्रिया, ओळखपत्र यांविषयी एकही प्रश्न नको. करारात आणि बँकेच्या व्यवहारात कागदोपत्री नाव, श्रेयनामावलीत त्या सांगतील ते. पॅन कार्डावर २०१८ पासून ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे. पण अनेकांची कागदपत्रे अजून एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून पैसे कोणत्या नावाच्या खात्यात जाणार हे आधीच विचारून ठेवा. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती संरक्षण कायद्याचे नववे कलम रोजगारात भेदभावाला मनाई करते, हेही निर्मात्याने वाचलेले बरे.

तालमींना दहा-बारा दिवस लागतील. ज्यांना रंगमंचावर कधी संधीच मिळाली नाही, त्यांना थेट कॅमेऱ्यापुढे उभे करायचे आणि मग ‘त्यांना अभिनय जमत नाही’ म्हणायचे, हा अनेक गटांचा शिरस्ता आहे. तुमच्या इतर नटांनी एकांकिकांतून पाच-सात वर्षे घासलेली असतात, ती मोजा. चिलीच्या ‘अ फँटास्टिक वुमन’मध्ये ट्रान्स स्त्री असलेल्या दानिएला वेगा आधी फक्त सल्लागार होत्या. दिग्दर्शकाने त्यांनाच नायिका केले आणि त्या चित्रपटाला २०१८ मध्ये परदेशी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. सल्लागार शोधताना डोळे उघडे ठेवा.

सेटवर कपडे बदलायला कडी लागणारी वेगळी खोली हवी. शौचालय कोणते वापरायचे हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर नव्हे, आधी फोनवर ठरवा. डिसेंबरात खोल्या महाग आणि मालक चोखंदळ. आगाऊ पैसे भरण्याआधी पाहुणी कोण हे स्पष्ट सांगा. रात्री अकराला दारावरून परत पाठवले, तर दुसऱ्या दिवशीचे चित्रीकरण बुडालेच म्हणून समजा. लघुपट महोत्सवात गेल्यावर मुलाखती, छायाचित्रे, गावातले प्रदर्शन यांतले काय चालेल आणि काय नको, ते करारातच लिहा.

एवढे करूनही कोणी मिळाले नाही, तर अभिनेत्री घ्या, पुरुष नको. पारलिंगी सल्लागार चारही दिवस सेटवर पगारी ठेवा. ध्वनी, वेशभूषा, संकलन आणि छोट्या भूमिका यांत पारलिंगी माणसे घ्या. दुकानदार, शेजारीण, बस कंडक्टर ही कामे त्यांना का नकोत? तमिळ ‘पेरन्बू’त मम्मुटींसमोर अंजली अमीर, ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या पर्वात त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू, ‘पाताल लोक’मध्ये मैरेमबम रोनाल्डो सिंग या तिघी पारलिंगी नटी दिसल्या, त्या कोणीतरी शोधल्या म्हणूनच.

पुरुष नट ट्रान्स स्त्रीचे काम करतोय. क्लोज-अपमध्ये दाढीची निळसर झाक दिसते, आवाजही खोटा वाटतो. काय करू? (रंगभूषाकार, मडगाव)

नट निवडणे तुमच्या हातात नाही, तेव्हा रंगकामापुरते सांगतो. सावळ्या-गव्हाळ कातडीवर गडद नारिंगी करेक्टर, गोऱ्यावर पीच. बोटाने थापून पातळ थर द्या, पुसू नका. त्यावर हलकी पावडर, मग फाउंडेशन. जाड थर दिलात तर आपल्या दमट हवेत वरच्या ओठावर तासा-दोन तासांत भेगा पडतील. दाढी त्याच सकाळी करा, गार पाण्याची पट्टी ठेवून अर्धा तास थांबा. चार-पाच तासांनी खुंट पुन्हा डोके काढतात, म्हणून क्लोज-अप दुपारच्या जेवणाआधी उरकायला दिग्दर्शकाला सांगा.

पण आधी विचारा, हे पात्र कोणत्या टप्प्यावर आहे? इस्ट्रोजेनने, म्हणजे ट्रान्स स्त्रिया घेतात त्या स्त्री-संप्रेरकाने, अंगावरचे केस विरळ होतात, दाढी जात नाही. त्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिसच्या अनेक फेऱ्या लागतात. पात्र या उपचारांच्या पहिल्या वर्षात असेल तर ती झाक थोडी राहू द्या, तीच खरी.

आवाजाचेही तसेच. इस्ट्रोजेनने आवाज बारीक होत नाही, तो सरावाने बदलतो, आणि नुसती पट्टी चढवून नव्हे तर नाद छातीतून काढून तोंडाच्या पुढच्या भागात आणून. नट नाकात किंचाळला की प्रेक्षक हसतो आणि तिसऱ्या दिवशी नटाचा घसाही बसतो. त्याला स्वतःच्या आवाजात बोलू द्या. टाळीचे म्हणाल, तर ती हिजडा समाजातली खूण आहे; बँकेत काम करणारी ट्रान्स स्त्री वाक्यागणिक टाळ्या पिटत नाही.

ट्रान्स पुरुषाचे काम अभिनेत्री करणार असेल, तर छाती क्रेप बँडेजने किंवा चिकटपट्टीने कधीच आवळू नका. श्वासागणिक ते आणखी आवळते आणि बरगड्यांना इजा होते. मापाचा बाइंडर (छाती सपाट दाखवणारे खास अंतर्वस्त्र) वापरा, तोही दिवसात आठ तासांपेक्षा जास्त नको आणि धावपळीच्या दृश्याआधी काढा.

मग आमचे दशावतारातले स्त्री पार्टीही चुकीचेच म्हणायचे का? (पेडणे)

नाही. तिथे प्रेक्षकाला आणि नटाला दोघांनाही ठाऊक असते की पुरुष स्त्रीचे सोंग घेतोय. कलेचा करारच तो. पात्र स्त्री आहे, पारलिंगी नाही. ‘बालगंधर्वांना चालले, मग आम्हाला का नाही’ हा दाखलाही म्हणूनच इथे बसत नाही.

संवाद मराठीत आणि कोकणीतही करायचे आहेत. नायिकेला ‘ती’ म्हणावे की ‘तें’? (पटकथालेखक, डिचोली)

प्रश्न गोव्यातूनच येणार असा आहे. मराठीत माणसाला ‘ते’ असे नपुंसकलिंगी म्हणणे हा अपमान. ते वाक्य खलपात्राच्या तोंडीच शोभेल. कोकणीत मात्र तरण्या मुलीला घरची माणसे मायेने ‘तें’च म्हणतात. म्हणजे आईने आपल्या ट्रान्स लेकीला पहिल्यांदा ‘तें आयलें’ म्हटले, तर कोकणी प्रेक्षकाला कळते की आईने तिला मुलगी मानले. तेच वाक्य मराठी आवृत्तीत शब्दशः उतरवलेत तर आई लेकीला हिणवते आहे असे ऐकू येईल, तिथे ‘ती आली’ हवे. नायिकेच्या स्वतःच्या तोंडी मराठीत ‘मी आले’. घरी दबावाखाली ‘मी आलो’ म्हणत असेल, तर तो बदल कोणत्या दृश्यात होतो हे ठरवून लिहा आणि डबिंगच्या संहितेत लाल शाईने खूण करा. डबिंग करणारी माणसे लिंग ‘दुरुस्त’ करून टाकतात.