दत्तक मुलाची वाट पाहताना प्रार्थना सुचेनाशी होते तेव्हा

ताई, तुम्ही लिहिलंय की परदेशातून मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवून चार वर्षं झाली. हे देवाचंच बोलावणं आहे अशी तेव्हा खात्री होती. आता प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाही, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी "देवाची वेळ" म्हटलं की उठून जावंसं वाटतं. अशात ख्रिस्तावरचा विश्वास टिकवायचा कसा, असा तुमचा प्रश्न आहे.

मी आणि माझी पत्नी आठ वर्षं थांबलो. २०१४ साली पहिली होम स्टडी, म्हणजे दत्तकासाठी समाजसेविकेने केलेली घराची आणि कुटुंबाची पाहणी, झाली, मुलगी घरी आली २०२२ मध्ये. मधल्या काळात जवळजवळ वर्षभर मी स्वतःहून एकही प्रार्थना केली नाही. उपासनेला जात होतो, आमेन म्हणत होतो, पण आत काहीच हलत नव्हतं. त्यामुळे तुमचा प्रश्न मी वाचला तो अनोळखी माणसाचा म्हणून नाही.

बाहेरच्यांना वाटतं, वाट पाहणं म्हणजे नुसतं बसून राहणं. तुम्हाला ठाऊक आहे, तसं नसतं. पोलीस पडताळणी आली की वैद्यकीय दाखल्याची मुदत संपलेली असते. तो नवा काढेपर्यंत होम स्टडी जुनी होते. मग पुन्हा नोटरी, पुन्हा अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), पुन्हा भाषांतर. आमच्या घरी समाजसेविका चौथ्यांदा आल्या तेव्हा औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का, हे त्यांनी चौथ्यांदा पाहिलं. त्यांचं ते कामच होतं. पत्नीने किल्ली आणून दिली, त्यांनी कुलूप उघडून पुन्हा लावलं आणि कागदावर खूण केली. ज्या घरात मूलच नाही, तिथलं ते कुलूप आम्ही सहा वर्षं रोज लावत होतो. मोठं संकट आलं असतं तर मी देवाशी भांडलो तरी असतो. या मुदतींनी मला भांडण्याइतकंही शिल्लक ठेवलं नाही.

आमची पहिली फाईल इथिओपियाची होती. २०१७च्या एप्रिलमध्ये त्या देशाने परदेशी दत्तक थांबवलं आणि २०१८च्या जानेवारीत तिथल्या संसदेने कायदा करून ते बंदच केलं. बातमी कळली त्या रात्री मी म्हणालो, देवाने दार लावलं. आज मी असं म्हणणार नाही. दार एका संसदेने लावलं होतं, आणि तिच्याकडे कारणं होती. परदेशी गेलेल्या मुलांवर अत्याचार झाल्याची प्रकरणं समोर आली होती. अनाथ म्हणून नोंदलेल्या काही मुलांचे आईवडील जिवंत असल्याचंही उघड झालं होतं. ज्या मुलासाठी मी गुडघे टेकत होतो, त्याची आई कुठेतरी त्याची वाट पाहत असण्याची शक्यता होती. हे पचवायला मला फार वेळ लागला.

"देवाची वेळ" हे शब्द तुम्हाला टोचतात, ते योग्यच आहे असं मला वाटतं. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ते दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. कार्यालयाची वेळ ही कार्यालयाची वेळ असते. आंतरदेशीय दत्तकाबद्दलच्या १९९३च्या हेग करारात एक क्रम आहे: मूल आधी स्वतःच्या कुटुंबात राहावं, ते शक्य नसेल तर स्वतःच्या देशात त्याला घर मिळावं, आणि तेही होत नसेल तरच परदेशाचा विचार व्हावा. हा क्रम पाळायला वेळ लागतो, आणि लागायलाच हवा. शिवाय एकंदर आंतरदेशीय दत्तकच झपाट्याने कमी झालं आहे. अमेरिकेत २००४ साली परदेशांतून जवळपास २३ हजार मुलं दत्तक आली होती, २०२३ मध्ये तेराशेही आली नाहीत. रशियाने २०१३पासून अमेरिकनांना दत्तक देणं बंद केलं. चीनने २०२४ मध्ये, नातेवाइकांचे अपवाद सोडून, परदेशी दत्तकच संपवलं, आणि ज्यांना मूल नेमून दिलेलं होतं अशी कितीतरी कुटुंबं मधेच अडकली. त्या सगळ्यांनी प्रार्थना कमी केली होती का? त्यांचा विश्वास उणा पडला होता का? तुमची फाईल अडली यावरून देव तुमच्याबद्दल काय विचार करतो हे ठरवू नका. मी ते चार वर्षं करत होतो. प्रत्येक ईमेल म्हणजे देवाचं उत्तर, ईमेल आला नाही तर तेही उत्तर. त्याने माणूस खचतो.

आता बोलावण्याबद्दल. ते खोटं होतं का, असं तुम्ही विचारता. मला वाटतं, आपण ऐकतो एक आणि त्याला जोडतो दुसरं. "आईबाप नसलेल्या लेकरासाठी तुमचं घर उघडं ठेवा" हे आम्ही ऐकलं होतं. "म्हणून एक लेकरू तुम्हाला मिळेलच, आणि ते अमुक वर्षात मिळेल" हे आम्ही जोडलं. पहिलं आजही खरं आहे. दुसऱ्याचं वचन आम्हाला कुणी दिलं नव्हतं.

आमच्या घरात वळण आलं ते पत्नीमुळे. इथिओपिया बंद झाल्यावर काही महिन्यांनी, झोपण्याआधी ती एकटीच मोठ्याने प्रार्थना करत होती, मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. ती म्हणाली, "प्रभू, त्याची आई त्याला सांभाळू शकत असेल, तर तिला बळ दे. त्याला तिच्याकडेच राहू दे." मी उठून बसलो. म्हटलं, तू आपल्याविरुद्ध प्रार्थना करतेयस. ती म्हणाली, "त्याच्यासाठी करतेय. आतापर्यंत आपण आपल्यासाठी करत होतो."

त्या रात्री मला नुसता राग आला. पण पुढे कधीतरी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचताना थांबलो. मोशेची गोष्ट आपण बहुतेक वेळा फारोच्या कन्येच्या बाजूने वाचतो: तिला नदीत पेटारा सापडला, तिने त्यातलं बाळ वाढवलं. पण त्या पेटाऱ्याला आधी कुणीतरी डांबर आणि राळ लावली होती. आत पाणी शिरू नये म्हणून फटी बुजवणारे ते हात त्याच्या आईचे होते. दत्तकाची प्रत्येक गोष्ट अशा कुणाच्या तरी हातांपासून सुरू होते, आणि चार वर्षांत मी त्या बाईसाठी एकदाही प्रार्थना केली नव्हती. तेव्हापासून पुन्हा तोंड उघडायला लागलो. स्वतःसाठी मागायला शब्द नव्हते, तिच्यासाठी होते. ती जेवली असेल का, तिच्याजवळ कुणी आहे का, एवढंच. उत्तर कधी कळणार नव्हतं, त्यामुळे ईमेल तपासायची गरजही नव्हती.

तुमच्या पतीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण एक सांगतो. बायबलमधली हन्ना मूल होत नाही म्हणून रडत होती तेव्हा तिचा नवरा एलकाना म्हणाला, मी तुला दहा पुत्रांहून अधिक नाही काय? मीही जवळपास हेच बोललो होतो, प्रेमाने बोललो होतो, आणि पत्नी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. दोघांचं दुःख एकाच दिवशी एकाच उंचीवर नसतं. तुमचं मन बंद आहे आणि त्यांचं नाही, किंवा उलट, तर त्याचा अर्थ एकाचा विश्वास खरा आणि दुसऱ्याचा खोटा असा लावू नका.

पत्नीचा एक खोका होता. त्यात ती कपडे ठेवायची, आधी वर्षाच्या बाळाच्या मापाचे, मग दोन वर्षांच्या, मग तीन. आमच्या अर्जातलं वय पुढे सरकत गेलं तसे कपडे बदलत गेले. जुने कपडे ती देऊन टाकायची, पण प्रत्येक वेळी एक मोजा ठेवून घ्यायची. मला ते पाहवत नसे. मग शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं एक वचन तिनेच मला दाखवलं: हन्नाने आपला मुलगा शमुवेल देवाच्या सेवेला दिला होता, आणि ती दरवर्षी एक लहान झगा शिवून त्याच्यासाठी मंदिरात घेऊन जायची. मुलगा जवळ नाही, वर्षातून एकदा दिसणार, आणि तेवढ्यात तो किती वाढला असेल याचा अंदाज घेत ती कापड बेतत असणार. ते वचन वाचल्यानंतर मी त्या खोक्याबद्दल कधी बोललो नाही.

शब्द फुटत नाहीत म्हणता, तर दुसऱ्याचे उसने घ्या. स्तोत्र १३ सहाच वचनांचं आहे आणि त्यातल्या पहिल्या दोनांत "कोठवर" हा प्रश्न चारदा येतो. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत उजळतच नाही, अंधारात संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे आशेचं शेवटचं कडवं न जोडताही देवासमोर बसता येतं. मी कित्येक रात्री फक्त ८८वं वाचून दिवा मालवला आहे.

आणि रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय. तो वर्षानुवर्षं वाचत आलो होतो, पण आमच्या परिस्थितीतच तो नीट दिसला. पंधराव्या वचनात पौल म्हणतो, दत्तकपणाचा आत्मा तुम्हाला मिळाला आहे, त्यामुळेच आपण "अब्बा, बापा" अशी हाक मारतो. आणि आठच वचनांनंतर तोच म्हणतो की आपण दत्तकपणाची वाट पाहत कण्हत आहोत. मिळालंय, आणि अजून यायचंय. दोन्ही एकाच श्वासात. पौलाला यात विसंगती वाटत नाही. कण्हणं हे विश्वास सुटल्याचं लक्षण असतं, तर त्याने ते आत्म्याच्या कामाबरोबर लिहिलं नसतं. पुढे तर तो म्हणतो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतःच कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

मंडळीबद्दल थोडं व्यावहारिक. दर रविवारी "काही कळलं का?" हा प्रश्न थांबवा. आम्ही एका वडीलधाऱ्या जोडप्याला सगळं सांगायचं ठरवलं आणि बाकीच्यांना त्यांच्याकडे पाठवलं. मातृदिनाच्या उपासनेत सगळ्या आयांना उभं करत, त्या रविवारी आम्ही जात नव्हतो, आणि पाळकांना कारण स्पष्ट सांगितलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी ते उभं करणंच बंद केलं. मी प्रार्थना करत नव्हतो त्या वर्षी ते जोडपं दर गुरुवारी आमच्या घरी येऊन प्रार्थना करून जायचं, मला काही म्हणायला लावायचं नाही. छप्पर उकलून पक्षाघाती माणसाला खाली सोडणारे चौघे आठवतात ना? येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला, असं मार्कने लिहिलंय. त्या खाटेवरच्या माणसाने काही म्हटल्याची नोंदच नाही.

तुम्ही थांबायचं ठरवलंत, फाईल मागे घेतलीत, तरी तो अविश्वास ठरणार नाही. आमच्याबरोबर सुरुवात केलेल्या एका जोडप्याने सहाव्या वर्षी नाव काढून घेतलं. त्यांचा विश्वास माझ्याहून दृढ आहे.

आमची दुसरी फाईल बल्गेरियाची होती. तिथे दोनदा जावं लागतं: पहिल्यांदा मुलाला भेटायला, आणि मग न्यायालयाचा निर्णय झाल्यावर आणायला. मधले महिने आधीच्या सगळ्या वर्षांहून कठीण गेले, कारण आता वाट पाहण्याला चेहरा होता. साडेचार वर्षांची होती. त्या बालगृहात येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला ती "ताती" म्हणायची, म्हणजे बाबा. मला म्हणाली, आणि थोड्या वेळाने नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही म्हणाली. रात्री खोलीवर परतल्यावर मी खूप रडलो.

तिचा जन्म २०१७च्या उन्हाळ्यातला, इथिओपिया थांबल्यानंतर लगेचचा. लोक म्हणतात, बघा, देवाने हीच ठेवली होती तुमच्यासाठी. मी होकार देत नाही. त्याच सुमारास एका बाईने तिला जन्म दिला आणि गमावलं. त्या बाईचं दुःख देवाने आमच्या सुखासाठी मांडून ठेवलं होतं, असं मी म्हणू शकत नाही. मुलगी माझ्या मांडीवर बसते तेव्हा मी आभार मानतो, आणि त्याच प्रार्थनेत तिच्या आईचं नावही घेतो. ते नाव आम्हाला कागदांतून माहीत आहे.

घरी आल्यावर सात-आठ महिन्यांनी एका रात्री ती दचकून उठली आणि अंधारात ओरडली, "ताती!" मी उठेपर्यंत पुन्हा, आणि पुन्हा. दुसरा एकही शब्द नाही. मी दारात पोचलो तरी तिला दिसलो नव्हतो, म्हणून ती हाक मारतच राहिली.

ताई, आज गुरुवार आहे. ते जोडपं आता फार थकलंय, म्हणून आम्हीच त्यांच्या घरी जातो. तुमच्यासाठी, तुमचं होऊ शकेल त्या लेकरासाठी, आणि आज ते ज्या कुणाच्या कुशीत असेल तिच्यासाठी आम्ही चौघं आज प्रार्थना करणार आहोत. तुम्हाला जमली नाही तरी चालेल.