पेशी तयार होईपर्यंतचे उपचार

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६३) डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा वेगाने वाढणारा कर्करोग) आहे. आर-चॉप केमोथेरपी संपल्यावर काही महिन्यांतच गाठी पुन्हा वाढल्या, म्हणून आता कार टी-सेल उपचार (रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, प्रयोगशाळेत बदलून पुन्हा शरीरात सोडणे) ठरले आहेत. त्यांच्या पेशी काढून प्रयोगशाळेकडे पाठवल्या आहेत. मात्र त्या परत येईपर्यंत ‘ब्रिजिंग’ उपचार द्यावे लागतील, असे डॉक्टर सांगतात. केमोथेरपीचा उपयोग झाला नसताना ती पुन्हा कशासाठी? तिने अशक्तपणा येऊन मूळ उपचारच लांबणीवर पडणार नाहीत का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ब्रिजिंग उपचारांकडून रोग बरा होण्याची अपेक्षाच नसते. पेशी सोडण्याच्या दिवसापर्यंत रुग्ण त्या उपचारांना योग्य अशा स्थितीत राहावा, एवढाच त्यांचा हेतू असतो आणि त्यांचे मोजमापही याच कसोटीवर करावे. रक्तातून वेगळ्या केलेल्या टी-पेशींमध्ये लिम्फोमाच्या पेशींवरील सीडी१९ हे प्रथिन ओळखणाऱ्या ग्राहकाचे जनुक विषाणूच्या साहाय्याने घालणे, त्या पेशींची संख्या वाढवणे आणि त्यांची गुणवत्ता तपासणे यात सर्वसाधारणपणे ३ ते ५ आठवडे जातात. वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमासाठी हा काळ फार मोठा आहे. एवढ्या अवधीत एखादी गाठ मूत्रवाहिनीवर किंवा श्वासमार्गावर दाब आणू शकते, आणि मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्ण अतिदक्षता विभागात गेला, तर तयार होऊन आलेल्या पेशी तशाच पडून राहण्याची वेळ येते. शिवाय पेशी सोडताना शरीरात रोगाचा भार जितका जास्त, तितका सायटोकाइन रिलीज सिंड्रोम (रोगप्रतिकारशक्ती अति चेतवली जाऊन येणारा ताप, रक्तदाब घसरणे इत्यादी त्रास) आणि मेंदूवरील दुष्परिणाम तीव्र होण्याचा धोका अधिक असतो.

तरीही प्रत्येक रुग्णाला हे उपचार लागतातच असे नाही. ‘झुमा-१’ या कार टी-सेल उपचारांच्या चाचणीत ब्रिजिंग केमोथेरपीला परवानगीच नव्हती, तर ‘ज्युलिएट’ चाचणीत पेशी मिळालेल्या १० पैकी ९ रुग्णांना ब्रिजिंग द्यावे लागले होते. गाठी लहान आहेत, एलडीएचची (रोगाच्या जोराचा अंदाज देणाऱ्या रक्तातील घटकाची) पातळी ठीक आहे, त्रास नाही, अशा रुग्णाला नुसते देखरेखीखाली ठेवणे योग्य ठरू शकते. काही अभ्यासांत ब्रिजिंग घेतलेल्यांचे निकाल न घेतलेल्यांपेक्षा कमी चांगले दिसतात आणि ते वाचून कुटुंबीय घाबरतात. पण ज्यांचा रोग मुळातच आक्रमक होता त्यांनाच हे उपचार द्यावे लागले, हे विसरून त्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही. उलट ब्रिजिंगने ज्यांचा रोग आटोक्यात येतो, त्यांना पुढे पेशींचा लाभही अधिक होताना दिसतो.

‘पुन्हा तेच औषध’ असे सहसा होत नाही. रोग एकाच भागात किंवा मोजक्या ठिकाणी असेल तर रेडिएशन हा मला उत्तम पर्याय वाटतो, कारण केमोथेरपीला न जुमानणाऱ्या गाठीही त्याने आक्रसतात आणि उरलेल्या शरीरावर भार कमी पडतो. रोग पसरलेला असल्यास पोलाटुझुमॅब आणि रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडांवर आधारित औषधांचा विचार होतो. कधी त्यांच्या जोडीला बेंडामुस्टिन हे केमोथेरपीचे औषध देतात. बेंडामुस्टिनमुळे टी-पेशींची हानी होते, म्हणून पेशी काढण्याआधी ते टाळतात. आपल्या वडिलांच्या पेशी आधीच काढलेल्या असल्याने ती अडचण उरलेली नाही. काहींना केवळ स्टेरॉइडचा छोटा कोर्स पुरतो. रोगाला थोपवू शकेल असा सर्वांत सौम्य उपचार निवडावा, असे माझे मत आहे.

अशक्तपणाची भीती मात्र अगदी खरी आहे. रक्तपेशी घटल्या किंवा जंतुसंसर्ग झाला तर पेशी सोडण्याचा दिवस पुढे जातो. म्हणून या काळात ताप, धाप, चेहऱ्यावर सूज किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. कोणत्या गाठीची त्यांना सर्वाधिक काळजी वाटते आणि निवडलेला उपचार पेशी सोडण्याच्या किती दिवस आधी थांबवणार, हेही त्यांना जरूर विचारा. पेशी सोडण्यापूर्वी फ्लुडाराबिन व सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे सहसा ३ दिवस देतात. ती नव्या पेशींना शरीरात वाढायला वाव मिळावा म्हणून असतात आणि ब्रिजिंग घेतले असले तरीही ती द्यावीच लागतात.

प्रश्न : ब्रिजिंगनंतर पेट स्कॅनमध्ये रोग दिसलाच नाही, तर कार टी-सेल उपचार टाळता येतील का?

उत्तर : पहिल्या उपचारांना दाद न दिलेल्या किंवा वर्षभराच्या आत उलटलेल्या लिम्फोमात तसे करू नये. अशा रोगात ब्रिजिंगने मिळालेला आराम बहुधा अल्पकाळ टिकतो. ‘झुमा-७’ आणि ‘ट्रान्सफॉर्म’ या चाचण्यांमध्ये नेमक्या अशाच रुग्णांना, केमोथेरपी आणि त्यानंतर स्वतःच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण या जुन्या मार्गापेक्षा कार टी-सेल उपचारांचा अधिक लाभ झाला. पेशी सोडण्याआधीचा हा स्कॅन नीट जपून ठेवावा, कारण पुढे साधारण महिन्याने होणाऱ्या स्कॅनची तुलना त्याच्याशीच केली जाते.