प्लाझ्मा थ्रस्टरसाठी बीएस्सी सोडावी का?

महोदया,

आपली मुलगी साताऱ्यात बीएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला अंतराळयानांच्या प्लाझ्मा थ्रस्टरवर, म्हणजे विद्युतभारित वायू (प्लाझ्मा) मागे फेकून यानाला पुढे ढकलणाऱ्या इंजिनावर, काम करायचे आहे आणि त्यासाठी हे शिक्षण सोडून एरोस्पेस अभियांत्रिकीला पहिल्यापासून प्रवेश घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की तिने बीएस्सी सोडू नये.

हॉल थ्रस्टर हा प्लाझ्मा थ्रस्टरचाच एक प्रकार आणि तो मूलतः भौतिकशास्त्राचे यंत्र आहे. कड्याच्या आकाराच्या पोकळीत झेनॉन वायू सोडतात. चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन तिथे गोल फिरत राहतात, अणूंवर आदळून त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, करतात आणि विद्युतक्षेत्र त्या आयनांना सेकंदाला १५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने बाहेर फेकते. जोर मात्र अगदी थोडा असतो. नासाच्या 'डॉन' यानाचे आयन इंजिन वेगळ्या रचनेचे होते, पण त्याचाही जास्तीत जास्त जोर ए-फोर आकाराच्या दोन कागदांच्या वजनाएवढाच होता. तरीही वर्षानुवर्षे चालत राहून त्याने २०११ मध्ये वेस्टा हा लघुग्रह आणि २०१५ मध्ये सेरेस हा बटुग्रह गाठला. म्हणूनच हॉल थ्रस्टरमध्ये आयनांच्या माऱ्याने पोकळीची भिंत किती झिजते, हा प्रश्न इतका मोलाचा ठरतो आणि त्याचे उत्तर निर्वात कक्षाशेजारी बसून, हजारो तासांच्या चाचण्यांतून शोधावे लागते.

तिने आता एमएस्सी प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या 'जॅम' परीक्षेची तयारी करावी, एमएस्सी करावी आणि विद्युतचुंबकत्व पक्के करावे. पुढे पीएचडीसाठी गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही प्लाझ्मावर जुने काम आहे. या वाटेला वेळ लागतो, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. इस्रोच्या भरतीत अभियंत्यांच्या जागा जास्त असतात, हेही खरे. परंतु थ्रस्टरच्या आत प्लाझ्मा का डळमळतो, हे उलगडायला भौतिकशास्त्राची जाणच लागते आणि बंगळुरूच्या बेलाट्रिक्स एरोस्पेससारख्या खासगी कंपन्याही आता हॉल थ्रस्टर बनवू लागल्या आहेत.

एक काम मात्र तिने याच सत्रात करावे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत निर्वात पंप असेल, तर सरांच्या परवानगीने तो स्वतः जोडावा, सांध्यांतली गळती शोधावी आणि दाब कुठे येऊन अडतो, ते वहीत लिहून ठेवावे. त्या कामात तिचे मन रमले की नाही, ते मला अवश्य कळवा.